घरचा फवारा: तो आला कुठून आणि टिकला कसा



सुरगाण्याकडे पाऊस उघडला, की घरामागच्या परसात वाल, घेवडा, वांगी, मिरची जोर धरतात. त्यांच्या मागोमाग मावा, तुडतुडे आणि पाने खाणारी अळीही येते. मग कोणी सांगतो, दुकानातून बाटली आणा. कोणी सांगतो, आपली जुनी माणसं कुठं बाटल्या आणत होती, चुलीतली राख टाका म्हणजे झालं. दोघांचंही अर्धं खरं आहे. घरच्या फवाऱ्याची कृती या पत्रकात पुढे दिलीच आहे. पण त्याआधी हा फवारा आला कुठून, मधल्या काळात मागे का पडला आणि परत कसा आला, ती हकीकत सांगायची आहे. ती कळली, की निंबोळी सावलीतच का वाळवायची आणि फवारा संध्याकाळीच का मारायचा हेही कळतं. ते न समजता नुसती कृती उतरवून घेतली, तर फवारा बहुधा फसतो आणि दोष मात्र कडुनिंबाला मिळतो.

पंप नव्हता तेव्हा

पहिली गोष्ट म्हणजे, फवारा ही रीतच फार जुनी नाही. पाठीवरचा पंप हे मुळात युरोपातल्या द्राक्षबागांचं साधन. फ्रान्समध्ये १८८५ च्या सुमारास मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण निघालं. ते वेलीवर उडवायचं म्हणून पाठीवर घ्यायचे पंप तिकडे पसरले. त्याआधी आपल्याकडे कीड आवरण्याचे उपाय होते राख, धूर, लेप आणि हाताने वेचणं. वेलावर तांबडे भुंगेरे आले, की दव असताना पानांवर राख भुरभुरायची. दवामुळे राख चिकटून राहते. हा उपाय आजही खोटा नाही.

जुन्या ग्रंथांतही या गोष्टी आहेत. सुमारे हजार वर्षांपूर्वी सुरपालाने 'वृक्षायुर्वेद' लिहिला. त्याची हस्तलिखित प्रत इंग्लंडात ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. तिच्यावरून इंग्रजी भाषांतर १९९६ साली सिकंदराबादला प्रसिद्ध झालं. झाडाला कीड लागली तर वावडिंगासारख्या औषधींचा लेप आणि धुरी द्यावी, असं त्यात आहे. मात्र असे ग्रंथ मुख्यतः बागांसाठी लिहिलेले असत. वरकस माळावर नागली, वरई पेरणारा माणूस संस्कृत पोथी वाचून शेती करीत नव्हता, हेही ध्यानात ठेवलं पाहिजे.

त्याचं ज्ञान वेगळ्या वाटेनं आलेलं होतं. सुरगाणा तालुका कोकणा, वारली, महादेव कोळी लोकांचा. रोपासाठी राब भाजायचा, म्हणजे तण मरतं आणि मातीच्या वरच्या थरातली कीडही कमी होते. धान्याची कणगी शेणाने सारवायची, धान्यात निर्गुडीचा पाला घालायचा. सह्याद्रीतल्या लोकांना गेळाचं फळ ठेचून डोहात टाकलं की मासे भुलतात, हे फार पूर्वीपासून ठाऊक. मोहाचं तेल काढल्यावर उरणारी पेंडही मासे आणि गांडुळं यांना बाधते. रिठ्यासारखा फेस आणणारं द्रव्य त्या पेंडीत असतं, त्याचा हा परिणाम. कोणतं झाड कोणाला बाधतं आणि कोणाला बाधत नाही, हे इथं पिढ्यान्‌पिढ्या पाहून ठेवलेलं होतं. किडीवर झाडपाल्याचा उपाय करायला लागतं ते नेमकं हेच ज्ञान. फक्त ते कागदावर नव्हतं. या शेवटच्या गोष्टीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

इथं एक गंमत सांगतो. आज 'पूर्वापार' म्हणून जे अर्क सांगितले जातात, त्यांतलं सगळंच पूर्वापार नाही. लसूण-मिरचीच्या अर्कातली मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. तंबाखूही तशीच. गेल्या काही वर्षांत गावोगाव पोचलेल्या दशपर्णी अर्काचंच घ्या. त्यात कडुनिंब, करंज, निर्गुडी, गुळवेल, रुई ही इथली. पण सीताफळ, पपई, घाणेरी आणि मोगली एरंड हे सगळे अमेरिकेकडचे पाहुणे. घाणेरी तर एकोणिसाव्या शतकात बागेच्या शोभेसाठी आणली आणि आता ती जंगलभर झाली आहे. यात कमीपणा काही नाही. उलट आपल्या लोकांनी परकं झाड पाहिलं, गुरं त्याला तोंड लावत नाहीत हे हेरलं आणि त्याचा उपयोग करून पाहिला. परंपरा म्हणतात ती अशीच वाढत जाते.

भुकटीचे दिवस

१९३९ साली पॉल म्यूलर या स्विस शास्त्रज्ञाला डीडीटी कीटक मारते असं आढळलं. १९४८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्याकडे हिवतापाविरुद्धची राष्ट्रीय मोहीम १९५३ साली सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतल्या भिंतींवर डीडीटीचे पांढरे पट्टे दिसू लागले. १९५४ साली ती बनवण्यासाठी सरकारी कंपनी निघाली. या भुकटीला आज सरसकट शिव्या देणं सोपं आहे. पण हिवतापाने घरंच्या घरं अंथरुणाला खिळत होती, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना ती देवासारखी वाटली असेल तर नवल नाही. डास मेला, मग पिकावरची कीड का मरू नये? डीडीटी आणि बीएचसी भुकटी शेतात आली. लोक तिला 'औषध' म्हणू लागले, आणि आजही आपण विषालाच औषध म्हणतो. भाषेतल्या या एका चुकीमुळे किती घरांत बाटली औषधांच्याच फळीवर ठेवली गेली असेल कोण जाणे.

नवं तंत्र गावात नेण्याचे हेच दिवस. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत माणसं रविवारी आणि गुरुवारी संध्याकाळी रेडिओभोवती बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर बोलत. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांबरोबर त्यात आपला नाशिक जिल्हाही होता. शेतीच्या रेडिओ कार्यक्रमांत नुसतं सांगायचं नाही, ऐकणाऱ्यालाही बोलू द्यायचं, ही रीत तिथली.

पुढे भुकटीचे दुष्परिणाम दिसू लागले. किडी तिला पचवू लागल्या, मधमाश्या आणि मित्रकिडी मेल्या, अन्नात आणि दुधात अंश सापडू लागले. १९६८ साली कीटकनाशकांचा कायदा झाला. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटून हजारो माणसं मेली. तो कारखानाही कीटकनाशक बनवण्याचाच होता. शेतीसाठी डीडीटीचा वापर १९८९ साली बंद झाला, बीएचसीवर १९९७ साली बंदी आली. तरी गोष्ट संपली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पंप ज्याच्या पाठीवर, विष प्रथम त्याच्याच अंगावर. आपल्याकडे हातगड, बोरगाव भागात स्ट्रॉबेरी होते. ते फळ दिवसाआड तोडून तसंच तोंडात जातं. त्यामुळे फवाऱ्यात काय आहे हा प्रश्न तिथल्या घरातल्या मुलाबाळांचाही आहे.

टोळांनी न खाल्लेलं पान

टोळधाड येऊन गेली, शिवारातलं हिरवं पान उरलं नाही, तरी कडुनिंब मात्र हिरवा, हे आपल्या देशात लोकांनी पूर्वीपासून पाहिलेलं. १९५९ साली सुदानात हाइनरिश श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानेही तेच पाहिलं. पण 'का' आणि 'किती', हे कोणी तरी मोजायला हवं होतं. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांचे सहकारी जोटवानी व राय यांनी ते मोजलं. निंबोळीच्या आतला मगज वाटून, हजार भाग पाण्यात एक भाग, म्हणजे ०.१ टक्का इतका पातळ करून त्यांनी पिकावर फवारला. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्लं नाही. १९६२ साली हे निष्कर्ष त्यांनी प्रसिद्ध केले.

आता इथं बारकाईनं पाहा. टोळ मेले नाहीत. त्यांनी खाल्लं नाही. निंबोळीचं सगळं मर्म यात आहे.

त्याआधी १९४२ साली सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी कडुनिंबाच्या तेलातून काही कडू द्रव्यं वेगळी काढली होती. १९६८ साली इंग्लंडात बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी टोळाला खाण्यापासून परावृत्त करणारं मुख्य द्रव्य हाती घेतलं. त्याला अझाडिरॅक्टिन म्हणतात. दुकानातल्या निंबोळी अर्काच्या बाटलीवर ३००, १५००, १०,००० पीपीएम असे आकडे असतात, ते याच द्रव्याचं प्रमाण. ते अळीच्या पोटात गेलं, की तिची खाण्यावरची वासना उडते. शिवाय अळीला वाढताना कात टाकावी लागते, त्या क्रियेत ते बिघाड करतं. कात न टाकता आल्याने लहान अळी दोन-चार दिवसांत मरते. मादी अशा पानावर अंडी घालायलाही कचरते. पण मोठी झालेली अळी किंवा कठीण पाठीचा भुंगेरा यांच्यावर परिणाम थोडा. म्हणून आज फवारलं आणि उद्या सकाळी किडी मेलेल्या दिसल्या नाहीत, तर 'लागू पडलं नाही' असं म्हणू नये. पान नव्याने खाल्लेलं दिसतं का, ते पाहावं.

मग १९६२ साली कळलेली गोष्ट शेतात यायला इतकी वर्षं का लागली? माझं मत असं, की त्या दिवसांत भुकटी स्वस्त होती आणि ती मेलेली कीड डोळ्यांसमोर टाकत होती. निंबोळी गोळा करा, वाळवा, कुटा, भिजवा, ही मेहनत. आणि परिणाम दिसायला चार दिवस. शिवाय जे झाड दारात फुकट आहे, त्याची जाहिरात कोण करणार?

कडुनिंबाचा खटला

जाहिरात झाली ती वेगळ्याच रीतीनं. अमेरिकेतली डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचं कृषी खातं यांनी निंबोळी तेलाने पिकावरची बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर युरोपात पेटंट मागितलं आणि १९९४ साली ते त्यांना मिळालं. पेटंट म्हणजे त्या पद्धतीवरचा मालकी हक्क. त्या मुलखात दुसऱ्याने ती धंद्यासाठी वापरायची तर परवानगी घ्यायची. १९९५ साली वंदना शिवा, युरोपातल्या खासदार माग्दा आलवूट आणि सेंद्रिय शेतीची जागतिक संघटना यांनी त्याला हरकत घेतली.

हरकतीत नुसतं 'आमचे वाडवडील हे करीत होते' म्हणून भागणार नव्हतं. पुरावा हवा होता. कोणी, कोणत्या साली, कुठल्या शेतात केलं? तिथं महाराष्ट्र उपयोगी पडला. पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात शेतकऱ्यांच्या पिकांवर निंबोळी तेलाच्या अर्काच्या चाचण्या उघडपणे झाल्या होत्या. त्यांची साक्ष म्युनिकच्या पेटंट कार्यालयापुढे झाली. १० मे २००० रोजी कार्यालयाने पेटंट रद्द केलं. कंपनीच्या बाजूने अपील झालं. तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळलं गेलं.

अमेरिकेतला कायदा तर त्याहून कडक होता. दुसऱ्या देशात एखादी गोष्ट नुसती वापरात आहे, पण कुठे छापलेली नाही, एवढ्याने तिथलं पेटंट अडत नसे. हा नियम २०१३ साली बदलला. म्हणजे हजारो खेड्यांत रोज होणारी गोष्ट त्या कायद्याच्या नजरेला दिसत नव्हती, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहिलेली दिसत होती.

सुरगाण्याच्या दृष्टीनं हे महत्त्वाचं आहे. देशावर, मालेगाव-येवल्याकडे, कडुनिंब बांधाबांधावर. आपल्याकडच्या धो धो पावसात तो त्या मानाने कमी. इथली झाडं म्हणजे ओढ्याकाठचा करंज, निर्गुडी, गेळ, मोह. कडुनिंबावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. या झाडांचं इथल्या माणसांना जे माहीत आहे, ते बहुतेक तोंडीच आहे. जैवविविधतेचा कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे गावाची लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. आपल्या ग्रामपंचायतीत ती आहे का, तीत ही झाडं आणि त्यांचे उपयोग आले आहेत का, हे ग्रामसभेत विचारावं. आणि घरी शाळकरी मुलाच्या वहीची चार पानं घ्यावीत: कोणता पाला, किती, किती पाण्यात, कोणत्या पिकावर, कोणत्या तारखेला, आणि आठवड्याने काय दिसलं. आठ झाडांवर फवारा, शेजारची आठ झाडं तशीच सोडावीत. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत मुळात हेच केलं. घरातल्या जुन्या माणसांना बसवून विचारायला मात्र उशीर करू नये.

आता कृती

परसबागेला पुरेल असा पाच टक्के निंबोळी अर्क असा करावा. अर्धा किलो वाळलेली निंबोळी उखळात किंवा पाट्यावर जाडसर कुटावी. फार बारीक पीठ करू नये, तेल सुटून गोळा होतो. ती फडक्यात सैल बांधून सुमारे एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी पुरचुंडी चांगली पिळावी, पुन्हा थोड्या पाण्यात बुडवून पिळावी, पाणी पांढुरकं येईपर्यंत. मग दोनदा वस्त्रगाळ करावं, नाही तर पंपाचं तोंड बुजतं. त्यात वीस ग्रॅम साबणचुरा पाण्यात विरघळवून घालावा. साबण नको असेल तर रिठ्याचं पाणी चालतं. सगळं मिळून दहा लिटर करावं. पंधरा लिटरच्या पंपाला पाऊण किलो निंबोळी लागेल. टोळाला ०.१ टक्का पुरला, मग पाच कशाला, असं कोणी विचारील. टोळ चव घेऊनच मागे फिरतो. मावा, तुडतुडे, लहान अळ्या यांच्यासाठी आणि घरच्या कुटण्यात अर्क पूर्ण उतरत नाही म्हणून, प्रमाण जास्त ठेवलेलं आहे.

अर्क त्याच दिवशी वापरावा. अझाडिरॅक्टिन उन्हाने लवकर मोडतं, म्हणून फवारा ऊन कलल्यावर, पानाच्या खालच्या बाजूलाही लागेल असा मारावा. त्या वेळी मधमाश्याही परतलेल्या असतात. पावसाळ्यात निदान एक दिवसाची उघडीप पाहावी. सरीने धुऊन गेलेला फवारा म्हणजे वाया गेलेली मेहनत. दर आठ-दहा दिवसांनी पुन्हा मारावा. वांग्याच्या शेंड्यात शिरलेल्या अळीपर्यंत कोणताच घरचा फवारा पोचत नाही. तो शेंडा खुडून जाळावा.

करंजाचा अर्क करायचा असेल तर बियांचा याच रीतीनं करून आधी चार झाडांवर पाहावा. पान करपलं तर पातळ करावा.

आता सावधगिरीचं. झाडापासूनचं म्हणून निरुपद्रवी, असं मुळीच नाही. तंबाखूच्या काढ्यातलं निकोटिन कातडीतूनही अंगात भिनतं. निकोटिन सल्फेट या औषधाच्या वापराला आपल्या देशात बंदी आहे. शिवाय तंबाखूबरोबर तिचा विषाणुरोग मिरची, टोमॅटोवर येऊ शकतो. बिडी ओढलेल्या हाताने रोपं लावू नयेत म्हणतात ते याचसाठी. कण्हेरीचा पाला प्राणघातक आहे. तो भाजीवरच्या फवाऱ्यात घालू नये, कोणी कितीही सांगितलं तरी. लसूण-मिरचीचा अर्क डोळ्यांत गेला तर काय होतं, ते ज्याला झालं त्यालाच माहीत. कोणताही अर्क करताना तोंडाला फडकं, हाताला मोजे किंवा पिशवी असावी, आणि कुटायची-भिजवायची भांडी स्वयंपाकाला घेऊ नयेत. फवारलेली भाजी तीन-चार दिवस तोडू नये, मग स्वच्छ धुऊन घ्यावी.

निंबोळी पिकून पडते ती साधारण जून-जुलैत, म्हणजे आपल्याकडे नेमका पाऊस लागतो तेव्हा. ओलसर निंबोळीला बुरशी येते आणि तिचा गुण जातो. म्हणून देशावर सोयरे असतील त्यांना आधीच सांगून ठेवावं: झाडाखालची ताजी निंबोळी वेचा, गर धुऊन काढा, सावलीत खडखडीत वाळवा, तागाच्या पोत्यात भरा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पोत्यावर महिना आणि साल खडूने लिहावं. आठ-दहा महिन्यांच्या आत ती वापरून टाकावी. त्यातून उरलीच तर फवाऱ्यासाठी ठेवू नये, कुटून वांग्याच्या आळ्यात घालावी.